जुळे सोलापुरात चिकन टिंगा मिळायला लागलंय, कुणी खाल्लं का?

जाईजुई | १८ जानेवारी, रात्री १०:२०

आज दुपारी आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, अकरावीतली लेक आणि सासूबाई, जुळे सोलापुरातल्या एका नव्या हॉटेलात जाऊन आलो. नेहमीच्या हॉटेलासारखं ते नाही. वेटर नाही, टेबलावर मेनूकार्ड नाही. काचेमागे भात, राजमा, मका, चिरलेला कांदा, तीन-चार प्रकारच्या चटण्या आणि चिकन असं सगळं ओळीनं मांडलेलं. आपण पुढे पुढे सरकत 'हे घाला, ते नको' सांगायचं, शेवटी पैसे द्यायचे आणि आपला वाडगा आपणच घेऊन बसायचं. याला फास्ट कॅज्युअल म्हणतात असं लेकीनं सांगितलं.

फळ्यावर खडूनं लिहिलं होतं 'नवीन: चिकन टिंगा बोल, २४९'. नाव कधी ऐकलं नव्हतं, म्हणून तेच घेतलं. चिकनचे तुकडे नव्हते, बारीक तंतू तंतू सोडवलेले. टोमॅटोचा लाल रस्सा, अगदी अंगाबरोबर, आणि त्यात लांब चिरलेला कांदा. पहिल्या घासाला चुलीवरच्या स्वयंपाकाचा वास आला. खेड्यात चुलीच्या वरच्या फळीवर मिरच्या ठेवायचे ना, त्या मिरच्यांना यायचा तसा. मला फार आवडला.

पण खाली गार झालेला चिकट भात, वरून मेयोनीजच्या नागमोडी रेघा, आणि कुठला तरी गोड सॉस. चार घासांनंतर धुराची चव हरवली, उरलं ते गोडमिट्ट. सासूबाईंनी मेयोनीज चमच्यानं बाजूला सारलं, थोडं चिकन खाल्लं आणि म्हणाल्या, "कोंबडी चांगली केलीय गं. पण ह्याला भात कशाला दिलाय? ह्याला कडक भाकरी पाहिजे होती."

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. टिंगा हा खरंच मेक्सिकन पदार्थ आहे का? त्यात मूळचं गोड असतं का? तो धुराचा वास कशाचा? आणि घरी करता येईल का? माहीतगारांनी सांगा.

ओवी | १८ जानेवारी, रात्री १०:४१

मीही खाल्लंय. धुराचा वास आवडला. मेयोनीज नको म्हणून आधीच सांगायचं, ते लोक ऐकतात.

पूर्वभाग | १८ जानेवारी, रात्री ११:०५

परवा जाऊन आलो की ओ ताई. सॉस लई गोड करलालेत, हे खरं. काउंटरवरचं पोरगं मात्र गुणी आहे, तिखट-मीठ विचारून विचारून घालतंय. एकच सांगायचंय, दुपारी साडेतीनला गेलो तर चिकन कोमट होतं. मी त्याला सरळ म्हणालो, भावा, हे परत गरम कर. त्यानं लगेच केलं. शिजवलेलं चिकन काचेमागं ठेवायचं तर ६० अंशांच्या वर गरम राहायला पाहिजे, नाहीतर जंतू वाढतात. माझ्या भावाचं केटरिंगचं काम आहे, तो दर लग्नात थर्मामीटर खुपसून बघतोय. जाणाऱ्यांनी गर्दीच्या वेळेला जावं. माल फिरता असला की ताजा मिळतो.

नाना_होटगीरोड | १९ जानेवारी, सकाळी ७:१५

२४९ रुपयांत आमच्या दोघांचा पोटभर नाश्ता होतो. सोलापुरात शीक आहे, सावजीचं मटण आहे, शेंगा चटणी आहे. पूर्व भागात गेलात तर तेलुगू घरांतला स्वयंपाक आहे, अक्कलकोटकडे कानडी. चार भाषांचं जेवण एका गावात मिळतं. ते सोडून काचेमागच्या भातावर पैसे का घालवायचे, हे मला मनापासून कळत नाही. नवीन पोरांनी धंदा टाकला याचा आनंद आहे, पण आपलं चांगलं मागे पडू नये.

पुएब्लाकर | १९ जानेवारी, सकाळी ९:५०

जाईजुई ताई, टिंगा पक्कं मेक्सिकन. ते ज्या शहराचं समजतात त्या पुएब्लात मी अडीच वर्षं काढली आहेत. तिथे फोक्सवॅगनचा मोठा कारखाना आहे, आणि त्या भागात सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मी होतो. मूळचा मी सोलापूरच्याच बाळीवेशीचा, त्यामुळे तुमचा धागा दोनदा वाचला.

टिंगा हे तिथलं घरगुती खाणं. वाढदिवस, शाळेचा कार्यक्रम, ऑफिसात कुणी सगळ्यांसाठी काही आणलं, की टिंगा हमखास. माझी घरमालकीण दर पंधरा दिवसांनी करायची आणि मी तिच्या स्वयंपाकघरात उभा राहून बघायचो. कोंबडी कांदा-लसूण घातलेल्या पाण्यात मंद शिजवायची आणि कोमट झाली की हातानं तंतू सोडवायचे. टोमॅटो तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचे, लसूण आणि चिपोत्ले नावाच्या धुरावर वाळवलेल्या मिरचीबरोबर वाटायचे. कांदा भरपूर, लांब चिरून, निवांत परतायचा. त्यावर वाटण, मग चिकन, आणि कोंबडी शिजवलेलं पाणी बेताचं. रस्सा आटून चिकनला धरला पाहिजे. गोडी येते ती कांद्याची. वेगळा गोड सॉस मी तिथे कुणाच्या घरी बघितला नाही, आणि मेयोनीजही नाही. वर पातळसर आंबट साय घालतात आणि मिठाचं ताजं चीज कुस्करतात. ते आपल्या पनीरच्या जवळचं.

आता तो धूर. चिपोत्ले ही मिरचीची वेगळी जात नाही. हिरवी खातो ती जालापेन्यो मिरची झाडावरच पिकून लाल होऊ द्यायची आणि मग लाकडाच्या धुरावर कित्येक दिवस वाळवायची. साधारण दहा किलो मिरचीची एक किलो चिपोत्ले होते. नाव नाहुआत्ल या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, 'चिल' म्हणजे मिरची आणि 'पोक्त्ली' म्हणजे धूर. पुएब्लात माझ्या गच्चीवरून पोपोकातेपेत्ल नावाचा ज्वालामुखी दिसायचा, सुमारे ५,४०० मीटर उंच. त्या नावाचा अर्थ 'धूर सोडणारा डोंगर'. त्यातला 'पोक' आणि मिरचीतला 'पोक' एकाच मुळाचे. घरमालकिणीनं हे सांगितलं त्या दिवशी डोंगराच्या तोंडाशी खरंच धूर होता.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. टिंगा तिथे भातावर नाही, तोस्तादावर वाढतात. तोस्तादा म्हणजे 'भाजलेली'. मक्याची पोळी, तीही आदल्या दिवशीची, कडकडीत होईपर्यंत भाजतात किंवा तळतात. हातात धरायची, वर टिंगा, आणि मोडून खायची.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी कधी न बघितलेली गोष्ट चवीवरून ओळखली.

जाईजुई | १९ जानेवारी, सकाळी १०:३०

तुमचं उत्तर सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग माझं काय चुकलं?" आणि डब्याकडे बोट दाखवलं. भोगीला केलेल्या बाजरीच्या तीळ लावलेल्या आणि ज्वारीच्या अशा कडक भाकऱ्यांचा पत्र्याचा डबा अजून अर्धा भरलेला आहे.

मालदांडी | १९ जानेवारी, दुपारी १:१०

पुएब्लाकर, एक शंका. आमची मंगळवेढ्याकडे ज्वारी आहे, दोन एकर मकाही करतो. मक्याच्या पिठाची भाकरी आम्ही थापून बघितलीय, ती कडेनं फाटते, वळत नाही. तिथल्या बायका एवढी पातळ कशी करतात?

पुएब्लाकर | १९ जानेवारी, दुपारी २:००

मालदांडी, कारण चुना. ते सुका मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच भिजू देतात, सकाळी चोळून धुतात. साल सुटून जाते, दाणा फुगतो, मग ओलाच वाटतात. चुन्यामुळे त्या पिठाला चिकटपणा येतो आणि पोळी फाटत नाही. दुसरा फायदा आरोग्याचा. मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व एरवी शरीराला नीट मिळत नाही, चुन्यानं ते मोकळं होतं. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही. तिथे नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा त्वचेचा आणि डोक्यावर परिणाम करणारा रोग झाला, आणि त्यात पुष्कळ माणसं गेली.

वाटायचा दगड बघितलात तर तुम्हाला आपला पाटा-वरवंटाच आठवेल. फरक एवढाच की त्यांच्या पाट्याला तीन पाय असतात आणि तो पुढे उतरता असतो.

मालदांडी | १९ जानेवारी, दुपारी २:२५

ज्वारीलाही चिकटपणा नाही. आम्ही आधणाच्या पाण्यात पीठ भिजवतो ते त्याचसाठी. तिथं चुना, इथं उकळी. घरात सांगतो हे.

डलासवाला | १९ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

वाचून राहवलं नाही. मी विजापूर रोडचा, बारा वर्षं अमेरिकेत. जाईजुई ताईंनी वर्णन केलेली ओळीत सरकायची पद्धत इथे चिपोत्ले याच नावाच्या साखळीनं गावोगाव नेली. तिचं पहिलं दुकान १९९३ मध्ये डेन्व्हरला सुरू झालं. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांनी काही दिवसांपुरतं चिकन अल पास्तोर आणलं होतं, शेंद्रीच्या बिया, मोरिता मिरची आणि थोडं अननस लावलेलं. मी त्या महिन्यात पाच वेळा खाल्लं. शेंद्री म्हणजे आपल्याकडे बागेत लावतात तीच, लाल काटेरी बोंडांची.

अल पास्तोरचा उगम ऐकण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत लेबनॉनहून माणसं मेक्सिकोत गेली, त्यांनी उभ्या सळईवर मांस भाजायची शवर्म्याची रीत सोबत नेली. मेंढीच्या जागी डुक्कर आलं, मसाल्यात तिथली मिरची आली, डोक्यावर अननस आलं. त्या उभ्या ढिगाला तिथे 'त्रोम्पो' म्हणतात, म्हणजे भोवरा. वरून रुंद, खाली निमुळता, आणि फिरत राहतो.

नाना, तुम्ही शीकची आठवण काढलीत. शीकच्या मांसाला कच्ची पपई लावतात, तेच काम तिथे अननस करतं. दोन्हींत मांस मऊ करणारी पाचक द्रव्यं असतात, जास्त वेळ ठेवलं की मांसाचा लगदा होतो. आणि पपई मूळची मेक्सिको आणि त्याच्या आसपासचीच.

तुळस | १९ जानेवारी, रात्री ८:१०

आम्ही शाकाहारी. आम्हाला यातलं काय करता येईल? पनीर सोडून सांगा, प्रत्येक ठिकाणी पनीरच सांगतात.

पुएब्लाकर | १९ जानेवारी, रात्री ८:३५

तुळस ताई, राजमा किंवा काळा घेवडा घ्या. दोन्ही मेक्सिकोच्या बाजूचेच. शिजवून, कांद्यावर परतत परतत घोटायचे. मेनूकार्डावर त्याला रिफ्राइड बीन्स लिहितात आणि लोकांना वाटतं दोनदा तळलेले. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'चांगलं परतलेलं' एवढाच आहे. तो घट्ट लगदा आधी तोस्तादावर फासायचा आणि वर टिंग्याचंच वाटण घातलेलं काहीही. मी बटाट्याचं आणि मशरूमचं दोन्ही खाल्लंय. मशरूम हातानं उभं फाडून घातलं तर तंतू चांगले येतात.

शेंगदाणे | १९ जानेवारी, रात्री ९:२०

मला बोलायचंय ते नानांच्या मुद्द्यावर, रागावू नका नाना, तुमच्यासारखंच माझंही आपल्या चटणीवर प्रेम आहे. आमच्या घरी तिसरी पिढी चटणी कुटते. शेंगदाणे मंद भाजायचे, सालं पाखडायची, लसूण, तिखट, मीठ, जिरं, आणि उखळात तेल सुटेपर्यंत कांडायचं. मिक्सरच्या चटणीला तो गोळा येत नाही, कारण पातं कापतं आणि मुसळ चेपतं.

दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं परदेशातून बाटली आणून दिली, म्हणाला चाखून बघा. साल्सा माचा. मेक्सिकोतल्या वेराक्रूझ भागाची. सुक्या मिरच्या, लसूण, तीळ आणि शेंगदाणे तेलात तळून जाडसर वाटलेले. मी झाकण उघडलं आणि आईला हाक मारली. आईनं बोटावर घेतलं आणि म्हणाली, "तेल जास्त झालंय, बाकी आपलीच आहे."

मग मी शोधत गेलो. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. मेक्सिकोत त्याला नाहुआत्लमध्ये नाव पडलं 'त्लालकाकाहुआत्ल', म्हणजे जमिनीतला कोको. आणि आपण म्हणतो भुईमूग, जमिनीतला मूग. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन लोकांनी एकाच पिकाचं नाव एकाच रीतीनं पाडलं. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही, खोटं सांगत नाही.

मिरची, शेंगदाणा, टोमॅटो, मका, सीताफळ, चिकू, हे सगळं तिकडून आलं. मिरची पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणली. त्याआधी आपली चटणी तिखट कशानं करत असतील, मिऱ्यानं? आणि इकडच्या जगातून तिकडे गेलं ते तांदूळ, कांदा, लिंबू, कोथिंबीर, जिरं, आणि खुद्द कोंबडी. त्यांच्याकडे आधी पाळीव पक्षी म्हणजे टर्की होता. म्हणजे टिंग्यातली कोंबडी आणि कांदा त्यांचे नाहीत, आणि आपल्या चटणीतली मिरची आणि शेंगा आपल्या नाहीत.

नाना_होटगीरोड | १९ जानेवारी, रात्री १०:००

शेंगदाणे, रागावलो नाही. भुईमुगाचं माहीत नव्हतं. माझे वडील गिरणीत होते, पाळी सुटल्यावर भाकरी-चटणी-कांदा एवढंच जेवण. त्यांच्या त्या चटणीत एवढा लांबचा प्रवास होता हे त्यांना सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

तरीही माझा प्रश्न आहे तिथंच आहे. मग त्या हॉटेलानं भात आणि मेयोनीज का द्यावं? आपल्याकडे इतकं जवळचं असताना?

ओवी | १९ जानेवारी, रात्री १०:१२

नाना +१. हाच खरा प्रश्न.

जाईजुई | २२ जानेवारी, रात्री ९:४५

नाना, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आज पुन्हा गेले. सोबत डब्यातल्या सहा कडक ज्वारीच्या भाकऱ्या नेल्या, फडक्यात बांधून. बाहेरचं खाणं चालत नाही असं दारावर लिहिलेलं असतं, म्हणून आधी काउंटरवरच्या मुलाला विचारलं. तो आत जाऊन मालकाला घेऊन आला. मालकही तिशीतलाच. मी सगळं सांगितलं, तोस्तादा, पुएब्ला, सासूबाई. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

मेयोनीज नको, गोड सॉस नको, भात नको, फक्त टिंगा वेगळ्या वाटीत द्या म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर घातलं, लिंबू पिळलं, कांदा-कोथिंबीर टाकली. एक तुकडा त्या मुलाला दिला, एक मालकाला. मुलगा म्हणाला, "काकू, हे तर आमच्या घरच्यासारखं लागलालंय." मालक काही वेळ बोलला नाही. मग त्यानं भाताचं कारण सांगितलं. पुण्यात तो ज्या ठिकाणी शिकला तिथे सगळं बोलमध्येच जायचं, आणि तोस्तादाचे तयार कवच मागवले की निम्मे वाटेत मोडून यायचे. मेयोनीज गिऱ्हाईक मागतं म्हणून. पहिल्या आठवड्यात मेयोनीज न घालता दिलं तर तीन वाडगे परत आले होते. त्याचं ऐकून मला वाईट वाटलं. त्याला चव कळत होती. धुराच्या मिरचीचा डबा तो महागात मागवतो आणि त्यात काटकसर करत नाही.

एक अडचण मात्र आली. दोन मिनिटांत भाकरी रस्सा पिऊन मऊ पडली. हातात धरलेली वाकली आणि टिंगा ताटात पडलं.

घरी केलेलं लिहिते, कारण काल मी करून बघितलं. अर्धा किलो चिकन, मांडीचं, हाडासकट. छातीचं कोरडं होतं. चार टोमॅटो तव्यावर काळे होईपर्यंत. चिपोत्ले इथे सहज मिळत नाही, म्हणून आठ ब्याडगी मिरच्या घेतल्या. रंग येतो, तिखट बेताचं. बिया काढायच्या आणि तव्यावर दहा-पंधरा सेकंदच फिरवायच्या. काळी झाली की कडू होते, आणि खाट असा उठतो की शेजारचेही खोकतात. आता धुराचं. पहिल्यांदा मी तयार टिंग्याला कोळशाचा धुंगार दिला, तर ते तंदुरीसारखं लागलं, धूर वरवर. दुसऱ्यांदा भाजलेल्या सुक्या मिरच्याच पातेल्यात घालून मध्ये वाटीत निखारा ठेवला, दोन थेंब तेल टाकलं आणि दहा मिनिटं झाकून ठेवलं. मग गरम पाण्यात भिजवून वाटल्या. धूर वाटणाच्या आत बसला. तीन मोठे कांदे, लसणाच्या पाच पाकळ्या, चिमूटभर ओरेगानो. साखर अजिबात नाही. लेकीनं दोनदा घेतलं.

पण भाकरी मऊ पडण्यावर काय करायचं?

पूर्वभाग | २२ जानेवारी, रात्री १०:०५

ताई, तुम्ही भाकऱ्या बांधून नेलात! लई भारी काम केलात.

कावेरीअक्का | २३ जानेवारी, सकाळी ६:३०

नमस्कार. मी फक्त वाचत असते, आज पहिल्यांदा लिहितेय. आमचा सात जणींचा गट कडक भाकरी करतो, ज्वारी, बाजरी दोन्ही. भाकरी मऊ पडते त्याची दोन कारणं. पहिलं, घरी आपण ती जेवणापुरती कडक करतो, आत थोडा ओलावा राहतो. आम्ही तव्यावर एक बाजू झाल्यावर दुसऱ्या बाजूला फडक्यानं सगळीकडून दाबत दाबत भाजतो, फुगू देत नाही. फुगली की दोन पापुद्रे होतात आणि मधे वाफ राहते. मग काढून चुलीच्या उबेला उभ्या करून ठेवतो. त्या महिनाभर टिकतात आणि मोडताना टकाटक आवाज येतो. दुसरं, टिंगा किती ओलं आहे. पुएब्लाकर भाऊंनी आधीच सांगितलंय, रस्सा आटला पाहिजे.

आणि भाऊंनी तुळसताईंना सांगितलेला घेवड्याचा लगदा! तो आधी फासला तर तेच अस्तर होईल. घट्ट लगदा भाकरीत मुरत नाही आणि वरचा रस्सा खाली जाऊ देत नाही. आम्ही कडक भाकरीवर आधी लोण्याचा हात फिरवून मग चटणी घालतो, तसंच.

पुएब्लाकर | २३ जानेवारी, सकाळी ९:१५

अक्का, अगदी बरोबर. तिथेही लगदा आधी फासतात, आणि मी अडीच वर्षं खाऊनही तो चवीसाठी आहे एवढंच समजत होतो. अस्तराचं तुम्ही सांगितल्यावर आज लक्षात आलं.

दुसरं आकाराचं. आपली कडक भाकरी ताटाएवढी असते, तोस्तादा तळहाताएवढी. मोठ्या भाकरीवर घालून मोडायला गेलं की सांडणारच.

तुळस | २३ जानेवारी, सकाळी ११:४०

काळा घेवडा आणि मशरूम करून बघितलं. ज्वारीच्या भाकरीवर खरंच उत्तम लागतं. चवळीचंही बघणार आहे. धन्यवाद.

जाईजुई | २३ जानेवारी, दुपारी ४:२०

अक्का, हॉटेलच्या मालकाशी फोनवर बोलले. त्याला पाच इंची ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून बघायच्या आहेत. पहिल्यांदा फक्त तीस. फळ्यावर भाताचा वाडगा राहू देणार आहे, पण शेजारी दुसरी ओळ लिहिणार, कडक भाकरीवरचा टिंगा, खाली राजम्याचा लगदा, मेयोनीज नाही. दर १४९ ठेवेन म्हणाला. नाना, तुमचा पैशाचा मुद्दाही मी त्याच्या कानावर घातला होता.

वाहतुकीत मोडतील का, ही त्याची एकच काळजी आहे.

कावेरीअक्का | २३ जानेवारी, संध्याकाळी ५:००

मोडणार नाहीत. आम्ही मुंबईला एसटीनं पाठवतो. दोन-दोन भाकऱ्यांमध्ये कागद घालायचा आणि पत्र्याच्या डब्यात उभ्या भरायच्या, आडव्या रचायच्या नाहीत. आडव्या रचल्या की खालच्यांवर वजन येतं. पाच इंचाला वाटीनं कापू नका म्हणावं, कापलेल्या कडेनं भाकरी फुटते. छोटा गोळा घेऊनच थापावी लागेल. वेळ जास्त जाईल, दर मी उद्या गटात विचारून सांगते. तीळ लावायचे का?

नाना_होटगीरोड | २३ जानेवारी, संध्याकाळी ५:३०

रविवारी मी येतो. नातवाला घेऊन येतो.

शेंगदाणे | २३ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

चटणीची अर्धा किलोची पिशवी माझ्याकडून. वर भुरभुरायला ठेवा म्हणावं मालकाला. पण ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते त्यांच्यासाठी फळ्यावर स्पष्ट लिहायला सांगा, आणि चमचा वेगळा ठेवायला सांगा. हे विसरू नका.

जाईजुई | २३ जानेवारी, रात्री ९:००

शेंगदाणे, लिहून घेतलं, चमच्याचंही.

अक्का, तिळाचं सासूबाईंना विचारलं. त्या म्हणतात लावा, मालक म्हणतो नको, धुराच्या चवीत तीळ मधे येतील. तर पंधरा तिळाच्या आणि पंधरा बिनतिळाच्या करा. शनिवारी सकाळी दहाला मी सात रस्त्याला येते. डबा माझाच आणते, भोगीचा. आज रिकामा केला.